लागोस (पोर्तुगाल): पिवळे कडे बघाच, पण आधी चौकातली ती इमारत बघा

आधीच सांगते, हे नायजेरियातलं लागोस नाही. हे पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, अल्गार्व प्रांतातलं जुनं बंदर, तिथली माणसं त्याला लागुश म्हणतात. बरेच जण येतात, पिवळ्या कड्यांचे फोटो काढतात, बोटीतून एक चक्कर मारतात आणि संध्याकाळी निघतात. मी आणि आई मे महिन्यात दोन रात्री राहिलो आणि आम्हाला त्याही कमी पडल्या. आम्ही वसईचे, किल्ल्यातल्या पडक्या चर्चांमध्ये लपाछपी खेळत मोठे झालेलो, १५३४ ला आलेले पोर्तुगीज १७३९ ला चिमाजी आप्पांनी घालवले हे पाठ, पण या लोकांच्या समुद्रसफरी जिथून सुरू झाल्या ते गाव कसं असेल हे खूप वर्षं डोक्यात होतं.

लिस्बनहून ट्रेनने साधारण चार तास, मध्ये तुनेश स्टेशनला गाडी बदलायची. तिकीट बरंच आधी काढलं तर स्वस्त पडतं. थेट बसही आहे आणि सोबत वयस्कर माणूस असेल तर बसच बरी, बॅगा चढवा-उतरवायला लागत नाहीत. रेल्वे स्टेशन नदीच्या पलीकडे मरीनाच्या बाजूला आहे, तिथून पायी जायचा पूल ओलांडून गावात यायचं. गावाच्या जुन्या तटबंदीच्या आत राहिलात तर सगळं चालत होतं, फक्त हॉटेल घेताना रस्ता किती चढाचा आहे ते मॅपवर बघा, कारण गल्ल्या चढ-उताराच्या आहेत आणि फुटपाथचे छोटे पांढरे दगड झिजून इतके गुळगुळीत झालेत की स्लीपरवर पाय सटकतो. ग्रिपवाले बूट न्या, हे मी प्रत्येकाला सांगतेय.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दिवशी बीचवर जाऊ नका, आधी इन्फान्ते दों एन्रीके चौकात जा. चौकात राजपुत्र हेन्रीचा (आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजं पाठवणारा पोर्तुगीज राजपुत्र, चौकाला नाव त्याचंच) पुतळा आहे, समुद्राकडे तोंड करून बसलेला, आणि त्याच चौकाच्या कोपऱ्यावर कमानी असलेली एक छोटीशी पांढरी इमारत, तिचं नाव मेर्कादो दे एस्क्रावोश म्हणजे गुलामांचा बाजार. आजची इमारत सतराव्या शतकातली, बाजार त्याच्या कितीतरी आधीचा. १४३४ ला याच गावच्या जिल इयानिशने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं बोजादोर भूशिर ओलांडलं, त्यापुढे जायला तोवर खलाशी घाबरायचे, आणि त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, ऑगस्ट १४४४ मध्ये, २३५ माणसांना पकडून जहाजांतून इथे उतरवलं. पाचवा हिस्सा हेन्रीचा, त्याच्या वाट्याला ४६ माणसं आली. वाटण्या करताना आयांपासून पोरं ओढून काढली, बाप एका गटात आणि मुलगा दुसऱ्या, हे राजाच्याच इतिवृत्तकाराने लिहून ठेवलंय, म्हणजे बाहेरच्या कोणाचा आरोप नाही हा. हेन्री घोड्यावर बसून हे बघत होता असंही त्याने लिहिलंय.

या इमारतीत आता म्युझियम आहे, लहानच, पाऊण तासात होतं. पण बाहेर येऊन तो पुतळा परत बघितला तेव्हा आई म्हणाली, "अगं, दोन्ही एकाच चौकात ठेवलंय." ती बराच वेळ कमानीखालच्या पायरीवर बसून राहिली. मला वाटतं हे आधी बघितलं की मग तट, किल्ला, चर्चमधलं सोनं, सगळ्याकडे बघायची नजर बदलते, आणि ती बदलायलाच हवी. आत २००९ मधल्या उत्खननाची पण माहिती आहे. तटाबाहेर पार्किंगसाठी खोदताना दीडशेहून जास्त आफ्रिकन माणसांचे सांगाडे सापडले, कचरा टाकायच्या जागेत फेकून दिलेले, त्यात लहान मुलंसुद्धा. सोमवारी म्युझियम बंद असतं, आणि दुपारी जेवणाच्या वेळेतही बंद मिळू शकतं, म्हणून सकाळीच जा.

तिथून जवळच सांतु आंतोनियुचं (संत अँथनीचं) चर्च. बाहेरून अगदी साधं, आत मात्र भिंतभर सोन्याचा मुलामा दिलेलं लाकडी कोरीवकाम आणि खाली निळ्या टाइल्स. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात आणि त्यामागून आलेल्या त्सुनामीत हे गाव जवळजवळ जमीनदोस्त झालं, अल्गार्वची राजधानी असल्याचा मानही गेला, चर्च पुन्हा बांधावं लागलं, तरी हे कोरीवकाम वाचलं हे नशीबच. या संताला इथल्या पायदळात रीतसर सैनिक म्हणून भरती करून घेतलं होतं आणि त्याच्या नावाने पगार निघायचा! पगार हा शब्दच मुळात पोर्तुगीज, त्यामुळे हे वाचताना मला फार गंमत वाटली.

शब्दांचं तर असं की बावरून जायला होतं. हॉटेलची किल्ली शाव्ह (आपली चावी), पाव तिथेही पांव, फळवाल्याकडे अनानास, आणि गावाला लागून जो पहिला बीच आहे त्याचं नाव चक्क प्राया दा बटाटा! शेजारीच पोंता दा बांदेइरा नावाचा सतराव्या शतकातला छोटा किल्ला आहे, खंदकावरच्या पुलावरून आत जायचं, फार वेळ लागत नाही. बटाटा बीचवर संध्याकाळी शांत बसायला छान, आणि गुडघेदुखीवाल्यांसाठी हाच सगळ्यात सोपा.

दुसरा दिवस पोंता दा पिएदादेसाठी ठेवा. गावापासून दोन-तीन किलोमीटर, कड्यावरून लाकडी वाट केली आहे, शेवटी दीपगृह. वाटेत दोना आना आणि कामिलो हे बीच. कामिलोला सुमारे दोनशे लाकडी पायऱ्या, उतरताना काही वाटत नाही, चढताना उन्हात दम निघतो, आईने वरूनच बघितलं आणि तेही पुरेसं आहे. सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते. कड्याच्या टोकाशी फोटोसाठी जाऊ नका, खडक ठिसूळ आहे, ढासळतो, पाट्या उगाच लावलेल्या नाहीत, खाली वाळूत बसतानाही कड्याला टेकून बसू नका. बोट घ्यायची तर छोटी घ्या, मोठ्या बोटी गुहांच्या आत जात नाहीत, आणि सकाळची घ्या कारण दुपारी वारा सुटतो. पाणी गार असतं, आपल्या अर्नाळ्याच्या हिशोबाने पोहायला उतरलात तर ओरडाल.

खाण्याचं थोडक्यात. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, ते फुकट नसतं, नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा. मासे खाणाऱ्यांची चैन आहे, भाजलेली सार्डिन म्हणजे आपल्या तारलीची बहीण, नुसतं जाडं मीठ आणि निखारा. मेन रोडवर जुनं मासळी मार्केट आहे, सकाळी जा, आईने तिथे अर्धा तास काढला आणि प्रत्येक माशाला मराठी नाव दिलं. शाकाहारींनी "सें कार्न, सें पैश" (मांस नको, मासे नको) पाठ करा, आणि कोबीच्या हिरव्या सूपमध्येही सॉसेजचा तुकडा असतो हे लक्षात ठेवा. गोड म्हणून दों रोद्रिगु, चकचकीत रंगीत कागदातली अंड्याच्या तारांची आणि बदामाची मिठाई. पाकातली असते, कागद सांभाळून उघडा.

शेवटच्या सकाळी बसला वेळ होता म्हणून आईच्या आग्रहाने सांगाडे सापडले ती पार्किंगची जागा शोधत गेलो. बघण्यासारखं काहीच नाही, गाड्या येतात-जातात. आईने सकाळी मार्केटमधून घेतलेली फुलं कठड्यावर ठेवली आणि आम्ही बस स्टँडवर आलो. बस स्टँडवरून त्या जागेपर्यंत चालत पोचता येतं, मॅपवर वाले दा गाफारिया शोधा.