वेण्या, बंदुका आणि वारसाहक्क

सप्टेंबर २०१४ मध्ये 'इस्लामिक स्टेट'ने सीरियाच्या उत्तर सीमेवरील कोबानी या कुर्दी शहराला वेढा घातला आणि पाठीवर वेणी, गळ्यात फुलाफुलांचा रुमाल, खांद्यावर कलाश्निकोव्ह अशा तरुणींची छायाचित्रे जगभर झळकू लागली. मीही ती डोळे विस्फारून पाहिली, हे कबूल करते. २६ जानेवारी २०१५ रोजी शहर मुक्त झाले, तोवर या मुलींचे कौतुक शिगेला पोहोचले होते. पण त्या कौतुकाची जात कोणती, हे दीड वर्षाने कळले. २०१६ मध्ये उत्तर सीरियातील मनबिज परिसरात आसिया रमझान अंतार ही लढवय्यी मारली गेली, तेव्हा कित्येक वृत्तपत्रांनी ती कोणत्या हॉलिवूड नटीसारखी दिसत होती हेच ठळकपणे छापले. तिचे सहकारी संतापले, यात नवल ते काय!

त्यांची संघटना वायपीजे, म्हणजे 'स्त्री संरक्षण दले', एप्रिल २०१३ मध्ये स्थापन झाली. नावातील 'संरक्षण' हा शब्द उगाच आलेला नाही. गुलाबाला काटे असतात ते कोणावर चालून जाण्यासाठी नव्हे, तर स्वतःला राखण्यासाठी, असा दाखला कुर्दी स्त्रियांच्या या चळवळीत नेहमी दिला जातो. या विचाराला तुर्कस्तानातील पीकेके या सशस्त्र कुर्दी पक्षाचा जुना वारसा आहे. १९७८ मध्ये त्या पक्षाच्या स्थापनेत सहभागी असलेल्या साकिने जान्सिझ यांनी दियारबकीरच्या तुरुंगात अनन्वित छळ सोसला आणि जानेवारी २०१३ मध्ये पॅरिसमध्ये दोन सहकारी स्त्रियांसह त्यांची हत्या झाली.

मला मात्र रणांगणापेक्षा 'माला जिन' अधिक ओढून घेते. माला जिन म्हणजे स्त्रियांचे घर; पहिले २०११ मध्ये ईशान्य सीरियातील कामिश्ली शहरात उघडले. नवरा मारतो, बाप अल्पवयीन मुलीचे लग्न ठरवतो, भाऊ वाट्याची जमीन देत नाही, अशा तक्रारी घेऊन बाई तिथे येते. समोर बहुधा पोक्त वयाच्या, गल्लीतल्या चार घरांची खडान्‌खडा माहिती असलेल्या बायका असतात. त्या दोन्ही बाजूंना बोलावून घेतात, ऐकून घेतात, तडजोड होते का पाहतात आणि नाहीच जमले तर प्रकरण न्यायालयात जाते. त्यांच्या पाठीशी २०१४ चा कायदा उभा होता. सीरियाच्या व्यक्तिगत कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा मिळतो. ईशान्येकडील जझीरा भागातील कुर्दी स्वायत्त प्रशासनाने तो समान केला, स्त्रीची साक्ष पुरुषाच्या साक्षीइतकी ग्राह्य धरली, बहुपत्नीत्व आणि बालविवाह यांवर बंदी घातली आणि प्रशासनातील प्रमुख पदांवर एक स्त्री व एक पुरुष अशी जोडी बसवली.

सारे आलबेल होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. अल्पवयीन मुलामुलींना भरती केल्याचे आरोप वारंवार झाले आणि २०१९ मध्ये ती थांबवण्यासाठी कुर्दी नेतृत्वाला संयुक्त राष्ट्रांबरोबर करार करावा लागला. शिवाय स्त्रीमुक्तीचे धडे देणाऱ्या वर्गांच्या भिंतीवर १९९९ पासून तुर्कस्तानच्या कैदेत असलेल्या अब्दुल्ला ओजलान या पीकेकेच्या संस्थापकाची, म्हणजे एका पुरुषाची, तसबीर असावी, हे मला आजही खटकते.

तरीही बंदूक आणि वारसाहक्क यांची फारकत करता येत नाही, हे वायव्य सीरियातील आफ्रिन या कुर्दी शहराने दाखवून दिले. मार्च २०१८ मध्ये तुर्की सैन्य आणि त्याच्या साथीदार टोळ्यांनी ते शहर घेतले आणि तिथल्या स्त्रियांच्या संस्था त्यासरशी मोडल्या. पुढच्या वर्षी, १२ ऑक्टोबर २०१९ रोजी, हेवरीन खलफ या राजकीय नेत्या महामार्गाने मोटारीतून जात असताना अशाच एका टोळीने त्यांना ठार केले. त्या सैनिक नव्हत्या. एका पक्षाच्या सरचिटणीस होत्या.

'जिन, जियान, आझादी' ही घोषणा याच चळवळीतली. जिन म्हणजे स्त्री, जियान म्हणजे जीवन. संस्कृतातला 'जनि' आणि आपले 'जिणे' हे त्यांचे दूरचे भाऊबंद, त्यामुळे मराठी कानाला ती फारशी परकी वाटत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ती सीमा ओलांडून इराणमधील सक्केझ गावच्या दफनभूमीत घुमली. तेहरानच्या पोलिसांच्या ताब्यात असताना कोसळलेल्या जिना महसा अमिनी या कुर्दी तरुणीला मूठमाती दिली जात होती आणि जमलेल्या बायकांनी तिथेच डोक्यावरचे रुमाल काढून हवेत फिरवले.