करमळीच्या तळ्यातील टिबुकलीची ओळख

पावसाळा सरल्यावर गोव्यातील करमळीच्या तळ्यावर पक्षी पाहायला येणाऱ्यांचे लक्ष सहसा अडई बदकांच्या थव्यांकडे आणि उत्तरेकडून आलेल्या इतर बदकांकडे असते. मला मात्र त्या गर्दीच्या कडेला, पाणवनस्पतींमधल्या मोकळ्या पाण्यात वावरणाऱ्या एका मातकट, ठेंगण्या पक्ष्याने भंडावून सोडले होते. दुर्बीण रोखावी आणि तेवढ्यात त्याने बुडी मारावी, असा प्रकार सतत चालू होता.

रंगावरून काही उलगडेना, म्हणून मी आकाराकडे वळलो. चोच सरळ आणि टोकदार होती, त्यामुळे ते बदकाचे पिल्लू असण्याचा प्रश्नच उरला नाही. कपाळावर पांढरा टिळा नव्हता आणि अंग काळे नव्हते, म्हणून वारकरी हा पाणपक्षीही बाद झाला. छोटा पाणकावळाही बुड्या मारतो. पण त्याची शेपटी लांब असते, आणि तो थोड्या वेळाने खुंटावर चढून पंख वाळवत बसतो. हा पक्षी मात्र काठावर कधी आलाच नाही, आणि त्याला शेपटी जवळजवळ नव्हतीच; मागचा भाग नुसता पांढुरक्या पिसांचा फुगीर गोळा दिसत होता. या दोन गोष्टींवरून टिबुकली हे नाव पक्के झाले. पुस्तकांत तिचे चित्र बहुधा विणीच्या हंगामातले, तांबूस गळ्याचे आणि चोचीच्या मुळाशी पिवळा ठिपका असलेले असते. हिवाळ्यात हा साज उतरतो, हे चित्राखाली ठळकपणे छापायला हवे, असे माझे मत आहे.

नाव कळल्यावर मी दुर्बीण बाजूला ठेवली, कारण बुडी मारलेला पक्षी पुन्हा कुठे वर येतो हे उघड्या डोळ्यांनीच अधिक चांगले कळते. बांधावर गळ टाकून बसलेले एक काका म्हणाले, ‘‘बुडली तिथे बघू नकोस बाबा, गवताच्या कडेला बघ.’’ त्यांचे म्हणणे खरे निघाले. भक्ष्य शोधताना ती किंचित उसळी घेऊन डोके खाली घालते आणि बहुतेक वेळा १० ते २५ सेकंदांत वर येते. घाबरली, तर मात्र पिसे अंगाशी दाबून त्यांतली हवा बाहेर काढते आणि तरंगही न उठवता जागच्या जागी खाली जाते. नंतर गवतात केवळ डोके बाहेर काढून थांबते. पाण्यातले किडे, अळ्या, बेडूकमासे आणि लहान मासे हा तिचा आहार आहे. पाय शरीराच्या अगदी मागे असल्यामुळे आणि प्रत्येक बोटाला कातडीची सुटी, चपटी झालर असल्यामुळे ती पाण्यात चपळ असते, पण जमिनीवर तिला नीट चालता येत नाही. काठ टाळण्यामागचे कारण हेच. उडायचे झाल्यास ती पाण्यावर पाय आपटत बरेच अंतर धावते, आणि दूरचा प्रवास बहुधा रात्री करते. आनुवंशिक अभ्यासानुसार तिच्या कुळाचे सर्वांत जवळचे नातेवाईक बदके नसून रोहित पक्षी आहेत, हे वाचून मी चकितच झालो.

पाऊस सुरू झाल्यावर आमच्या वाड्यालगतच्या तळ्यातून खिंकाळल्यासारखी थरथरती शीळ ऐकू येऊ लागली, आणि एकीला दुसरी साथ देऊ लागली. त्यांचे घरटे म्हणजे गवताच्या ताटांना अडकवलेला कुजक्या पाणवनस्पतींचा तरंगता ढीग होता. पांढरट अंडी त्या ओल्या पाल्याच्या डागांनी तपकिरी होत जातात. घरटे सोडताना पक्षी घाईघाईने चोचीने पाला ओढून अंडी झाकतो. फार जवळ गेल्यास त्याला ते करायला वेळ मिळत नाही आणि अंडी कावळ्यांच्या नजरेस पडतात, म्हणून मी बांधावरूनच पाहत राहिलो. नर आणि मादी आळीपाळीने सुमारे तीन आठवडे अंडी उबवतात, आणि पट्टेदार पिल्ले बाहेर आली की त्यांना पाठीवर घेऊन पोहतात.