एरर ६८०

दुपारी पाऊस कोसळत होता आणि मी मोबाइलवर विजेचं बिल भरायला बसलो होतो. चक्र फिरलं, फिरलं आणि शेवटी पाटी आली, ‘काहीतरी चुकलं. थोड्या वेळाने प्रयत्न करा.’ काय चुकलं? कुणाचं? भाच्याने फोन हातातून काढून घेतला, फ्लाइट मोड चालू करून बंद केला आणि परत दिला. या पिढीच्या औषधपेटीत एवढी एकच गोळी.

आमच्या वेळी इंटरनेट घरच्या टेलिफोनवरून डायल करून लागायचं आणि चुकांना नंबर होते. ६७६ म्हणजे समोरची लाइन बिझी. ६७८ म्हणजे समोरून कुणी उचलत नाही. ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा. तो आला की बोट आधी कॅप्स लॉकवर जायचं आणि मग धाकट्या भावाकडे, कारण विकत घेतलेले तास संपले तरी तोच नंबर दिसायचा. आणि ६८०, डायल टोन नाही. गोव्यात जून लागला की या नंबराचा हंगाम सुरू.

देशात इंटरनेट सर्वांसाठी खुलं झालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हार्दोळला आमच्या घरी यायला त्याला विंडोज ९८ चा मुहूर्त लागला. काँप्युटरला फोनच्या तारेशी जोडणारा तो मोडेम. त्याच्या खोक्यावर ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट, असा वेग ठसठशीत छापलेला, पावसात २८ वर जोडलं गेलं तरी आम्ही खूश. आज किती वेग मिळणार ते मला जोडताना मोडेम जो किंचाळायचा त्यावरूनच कळायचं. तो आवाज बंदही करता येत असे, सेटिंगमध्ये एम झिरो लिहिलं की झालं. तसं करणाऱ्या माणसांबद्दल माझं मत अजून फारसं चांगलं नाही.

६८० ची गंमत अशी की रिसीव्हर कानाला लावला तर टोन ऐकू यायचा. खरखरीच्या मागे, पण यायचा. मोडेमला तेवढा पटत नसे. मग डायल टोनसाठी थांबण्याच्या चौकटीतली खूण काढायची, नंबराआधी एक स्वल्पविराम टाकायचा, म्हणजे मोडेम दोनेक सेकंद दम खाई, आणि देवाचं नाव घेऊन पुन्हा डायल.

तेवढ्यानेही भागलं नाही की लाइनमन. रेनकोट पडवीत टांगून तो आधी चहा घेई. मग रोझेट, म्हणजे फोनची भिंतीवरची डबी, उघडून स्वतःचा टेस्टिंगचा फोन तारांना चिमटे लावून जोडायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. “हांगा ना,” म्हणत बाहेर खांबावरच्या डीपीपर्यंत, म्हणजे जिथून घरोघरी तारा फुटतात त्या पेटीपर्यंत. तांब्यावर हिरवा थर चढलेला असायचा, जोडात पाणी शिरून दोन तारांत गळती. “तार कुसल्या, दुसरें कांय ना.” पक्कडीने टोक तोडायचं, तांबं चकचकीत होईस्तोवर खरवडायचं, पीळ द्यायचा. रिकाम्या लाइनवर ४८ व्होल्ट असतात, घंटी वाजताना त्याहून बरेच जास्त. एकदा जोड बसवून होतोय तोच मुंबईहून मावशीचा फोन आला. ओल्या बोटांनी तार सोडून त्याने जो शब्द काढला, त्यावर आईने पुढची दोन वर्षं त्याला चहा देताना नजर वर उचलली नाही.

नेट चालू म्हणजे फोन एंगेज, आणि ते शेजारच्या काकींच्या डोक्यात कधी शिरलं नाही. आमच्याकडे लागत नाही म्हणून लोक त्यांच्याकडे फोन करत आणि काकी निरोप घेऊन चिखलातून गडग्यापर्यंत येत. “तुमचो फोन सदांच एंगेज!” काँप्युटरला टेलिफोन लागतो हे मी त्यांना वायर दाखवून समजावलं. त्यांनी वायरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. एवढ्या वयाचा मुलगा रात्री अकराला फोन अडवून बसतो तो कशासाठी, हे त्यांना ठाऊक होतं.

पुढे काही वर्षांनी माझं लग्न ठरलं. साखरपुड्याला काकींनी मुलीला नीट न्याहाळलं आणि आईच्या कानाशी वाकल्या. “तीच न्हय गे ती, फोनाची?”

आईने हो म्हणून टाकलं.