तिरुपूरच्या गल्लीतली खरेदी

कोइम्बतूरहून ईरोडकडे जाताना आज मुद्दाम तिरुपूरला उतरलो आणि तडक खादरपेटच्या बाजारात शिरलो. परदेशी ब्रँडांसाठी इथल्या कारखान्यांत शिवलेले, पण मागणीपेक्षा जास्त झालेले किंवा तपासणीत बाद ठरलेले होजिअरीचे कपडे या गल्ल्यांत ढिगांनी विकायला असतात; कंपनीचे नाव कळू नये म्हणून गळ्यामागचे लेबल बहुधा अर्धे कापलेले असते. दीडशे रुपयांच्या निळ्या टी-शर्टच्या काखेत सुटलेला टाका सौभाग्यवतींनी बोट घालून दाखवला आणि (तमिळचा एक शब्द येत नसताना) वीस रुपये कमी करून घेतले. विकलेला माल दुकानदार परत घेत नव्हता, म्हणून प्रत्येक कपडा उलटा करून उजेडात पाहिला. तरीही मुलासाठी घेतलेल्या टी-शर्टची एक बाही खोलीवर आल्यावर बोटभर लांब निघाली.