पाव्हणं, जरा कडेला घ्या

विश्रामबागजवळ आज उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेला. त्याला डावीकडून घासून पुढं काढायच्या नादात बुलेटवाला आणि राँग साइडनं आलेला मोपेडवाला आमनेसामने. "दिसत न्हाई व्हय रं?" "तूच बघ की!" साधा ओरखडाही नाही, तरी दोघं स्टँड लावून खाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक गाडी चालवण्याच्या कलमात, उलट्या दिशेनं येणं आणि नियम मोडून ओव्हरटेक, दोन्ही बसतात. म्हणजे जोडी जमलेली! मागं आम्ही सगळे हॉर्नवर हात ठेवून तेल ओततोय, ते वेगळंच. शेवटी ट्रॅक्टरवालाच उतरला. "पाव्हणं, ऊस वाळला की वजन घटतंय. भांडा निवांत, पण कडेला घ्या."