उंबऱ्याखालची गाडी

तीन नंबरच्या प्रेक्षागृहात खुर्च्या बसल्या होत्या, पडदा लागला होता आणि रात्री साडेअकराला आम्ही पाचजण अंधारात गप्प बसलो होतो. आधी तळपायाला जाणवलं, मग कानाला. गाडी.

स्टेशनला लागून खाली दुकानं, वर सिनेमा अशी इमारत म्हटली की लोकांना गर्दी आणि पार्किंग आठवतं. आम्हा आर्किटेक्टांची झोप उडवतात ते रूळ. चाकांचा हादरा जमिनीतून इमारतीच्या पायात, तिथून खांबांत चढतो आणि वरच्या भिंती-स्लॅब घुमायला लागतात. साधारण ३० ते ८० हर्ट्झची ती घरघर नुसत्या जाड भिंतीला जुमानत नाही. म्हणून प्रत्येक प्रेक्षागृह म्हणजे डब्यात डबा: मूळ स्लॅबवर स्प्रिंगा, त्यांवर दुसरा स्लॅब, त्यावर आतल्या भिंती, बाहेरच्या सांगाड्याला कुठेही न टेकता. भाराखाली स्प्रिंग २५ मिमी दबली की तिची स्वतःची वारंवारता ३ हर्ट्झच्या आसपास येते आणि त्याहून बऱ्याच वरच्या वारंवारतेचा हादरा तिच्यातच अडतो. या २५ मिमीसाठी मी स्ट्रक्चरल इंजिनिअरशी दोन महिने भांडलो होतो. ते भांडण योग्यच होतं.

मग घरघर कुठून? ठेकेदारानं लगेच रेल्वेकडे बोट दाखवलं. साईटवर जो हजर नसतो, चूक त्याचीच. ध्वनिसल्लागार बाई वादात पडल्या नाहीत. सेन्सर इथे चिकटव, तिथे चिकटव करत त्या दारापाशी आल्या आणि पुढच्या गाडीला आकडा तिथेच उसळला.

उंबरा. लॉबीतून आत, लॉबीच्या आणि आतल्या स्लॅबमधल्या ५० मिमी फटीवरून थेट गेलेला एकसंध ग्रॅनाइट, खाली ठासून माल भरलेला. हादऱ्याला आत यायला पूलच. इतकं सुबक काम मी क्वचित पाहिलंय. कारागिराला काय बोलणार? फट उघडी सोडणं त्याच्या हाताला पटणारच नाही.

शिवाय नमुन्यावर सही माझी होती. फटीचं ड्रॉईंग एका शीटवर, दाराचं दुसऱ्या. आणि दाराच्या शीटवर एकसंध दगड मीच काढला होता. शेवटची गाडी गाठायला धावत सुटणाऱ्यांना ठेच लागू नये, व्हीलचेअर अडकू नये म्हणून. तो विचार चुकीचा नव्हता, हेच जास्त टोचतं.

दुसऱ्या दिवशी दगड कापला, माल खरवडून काढला आणि फटीवर एकाच बाजूला स्क्रू केलेली धातूची पट्टी टाकली, दुसऱ्या बाजूला नुसत्या रबरावर टेकलेली. रात्री पुन्हा बसलो. गाडी गेली ती घड्याळावरूनच कळली.

उरलेली पाच प्रेक्षागृहं रुळांपासून लांब आहेत. तिथले आकडे मर्यादेत आहेत, उंबरे मात्र तेच. मालक म्हणतात, "जे ऐकूच येत नाही, त्यासाठी दगड कशाला फोडायचा?" कागदावर त्यांचंच बरोबर आहे. फोडायला सांगणारं पत्र मी लिहून ठेवलंय. अजून पाठवलेलं नाही.