पाटलाचं वावर

घरी कासव आहे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, अरे पण त्याला बंदी ना? बंदी आहे ती आपल्याकडच्या स्टार कासवाला, ते १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतं. आमचा पाटील आफ्रिकन सल्काटा जातीचं कासव आहे, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची रीतसर नोंद आहे, विषय संपला.

खरा ताप खाण्याचा. आधी बाजारातून जुड्या आणायचो, पण एक-दोनदा पानांना औषधाचा असा वास आला की म्हटलं जाऊ दे, मागच्या अंगणात आपणच वाफा करू. आणि हौसेनं पेरलं काय, तर पालक! महिनाभरात काय लुसलुशीत आला, पाटील तुटून पडला, आणि मग कुठंतरी वाचलं की पालकात ऑक्झलेट भरपूर, ते कॅल्शियमला धरून बसतं आणि अंगी लागू देत नाही. एवढं मोठं कवच, ते काय हवेवर बनणार? माठ, घोळ यांचीही तीच गत. तो पालक मग आम्हीच डाळीत घालून संपवला.

सल्काटा मुळात गवत खाणारा. म्हणजे जी हरळी आबा जन्मभर केळीच्या बागेतून खोदून काढत आले, तीच याचं मुख्य जेवण! आता आबा ड्रिपच्या नळीजवळची हरळी पिशवीत भरून आणतात, जिथं फवारणी नाही तिथलीच. बांधावरची पाथरी, जास्वंदीची पानं, वाफ्यातली थोडी मेथी, हे वरचं. शेवगा आणि लसूण घास कधीमधी, प्रोटीन जास्त होतं.

कापायचं सकाळी, ऊन चढायच्या आत. विळ्यानं चार बोटं ठेवून वरचं वर घ्यायचं, उपटायचं नाही, वाफ्याचे चार भाग केलेत, चौथा कापेपर्यंत पहिला परत फुटतो. मे महिन्यात मात्र जळगावचं ऊन ४५ च्या घरात, ग्रीन नेट लावूनही सगळं माना टाकतं. त्यासाठी पावसाळ्यानंतर तुतीची पानं सावलीत वाळवून पोत्यात भरून ठेवतो, आणि देताना पाण्यात भिजवून.

त्याला दात नाहीत, चोचीसारखं तोंड. पान पुढच्या पायाखाली दाबतो, मान मागं ओढतो, कचकन तुकडा. जास्वंदीचं फूल दिलं की तोंड पान खाल्ल्यासारखं लाल.

परवा जाळीचा तार सुटला होता. सकाळी बघतो तर आमच्यासाठी राखलेल्या मेथीचा चौथा भाग साफ आणि मधोमध पाटील गाढ झोपलेला. माय दारातूनच ओरडली, "माणूसले भाजी नही, आन् तू कासवले वावर करी ऱ्हायना!" मग आतून वाटी घेऊन आली आणि उरलेली मेथी खुडायला बसली, भाकरीसोबत आज तेवढीच.